त्यांच्या छातीला सोसायचं न्हाई

माझ्या वडिलांनी माझ्या घरचं पाणी कधी प्यायलं नाही. त्यात रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. आमच्या कर्जतकडच्या जुन्या माणसांत रीतच आहे, लेकीला मूल होत नाही तोवर बापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेक लेकींच्या बाबतीत ही रीत वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटते. बारशाला बाप येतो, नातवाच्या हातावर काहीतरी ठेवतो, पुरणपोळी खातो आणि विषय संपतो. त्यामुळे ती कुणाला टोचत नाही. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली आणि मला मूल नाही, तेव्हा मला ती टोचते.

शहरात, सावेडीतल्या आमच्या फ्लॅटवर दादा, म्हणजे माझे वडील, यायचे ते पिशवी भरून लिंबं घेऊन. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी तूर. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. माझा नवरा पहिली काही वर्षं चहाचा आग्रह करायचा. दादा हात जोडायचे आणि म्हणायचे, "पुढच्या खेपेला." पुढे नवऱ्याने आग्रह सोडला, पण दादांनी 'पुढच्या खेपेला' म्हणायचं सोडलं नाही. मला वाटायचं, वेळ मारून नेतात.

आईचं असलं काही नव्हतं. ती माझ्याकडे आली की स्वयंपाकघरात पाटावर बसून पोटभर जेवायची, वर दुपारचा चहा घ्यायची आणि जाताना बजावायची की ह्यांना सांगू नकोस. आम्ही दोघी त्यावर खूप हसायचो. आई किती सहज लपवते याचं तेव्हा मला कौतुक होतं.

दादांचं ब्लडप्रेशर एका दाताच्या डॉक्टरने शोधलं. दाढ काढायला म्हणून ते कर्जतला गेले. त्या डॉक्टरने आधी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि म्हणाला, बाबा, दाढ राहू द्या, आधी हे बघा. दादा घरी येऊन त्याच्यावरच उखडले. दुखतंय तोंडात आणि हा बाबा हात दाबत बसतो, असला कसला डॉक्टर. आईने मला फोनवर हे हसत हसत सांगितलं. मी आकडा विचारला आणि मला हसू आलं नाही.

मग मी त्यांना सावेडीत हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे आणलं. ईसीजी झाला, इको झाला. हृदयाची भिंत जाड झाली आहे, प्रेशर बऱ्याच वर्षांपासून असावं, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. एक प्रेशरची, एक रक्त पातळ करायची, एक लघवीची आणि रात्रीची एक बारीकशी. त्या दिवसापासून मी दादांच्या छातीची राखणदार झाले. कुणी नेमलं नव्हतं. भाऊ गावाकडे, त्याच्यामागे शेती, बायको, दोन पोरं. मी शाळेत शिकवते, घरी संध्याकाळी मोकळी असते, आणि बिनलेकराच्या बाईला काळजी करायला वेळ असतो असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

रोज शाळेत निघण्याआधी मी फोन करायचे. गोळी घेतली का, दम लागतो का, पाय सुजलेत का. दादा 'व्हय' आणि 'न्हाई' या दोन शब्दांत सगळी उत्तरं द्यायचे, त्यामुळे मी शब्दांकडे लक्ष देणं सोडलं आणि श्वासाकडे द्यायला लागले. ते विहिरीकडून वस्तीवर चढत असताना फोन घेतला तर त्यांचं वाक्य मधेच तुटायचं. 'व्हय' आणि 'घेतली' यांच्यामध्ये फट पडायची. ती फट मला दिवसभर शाळेत पुरायची. वर्गात फळ्यावर गणित लिहिताना पर्समधला मोबाईल थरथरला की मी खडू टाकून पर्स उघडायचे. बहुतेक वेळा बँकेचा मेसेज असायचा.

डाव्या जबड्यात दुखायचं त्यांना. बांधावर चालताना घाम यायचा, इतका की सदरा पाठीला चिकटायचा. मग ते खाली बसायचे, आईकडे ओवा मागायचे आणि पित्त म्हणायचे. दादांच्या मते माणसाला दोनच आजार होतात, पित्त आणि थंडी. मी चिडून म्हणायचे की जबड्यात कुठलं पित्त असतं. भाऊ म्हणायचा, "ताई, वय झालं, दम लागनारच." तो वाईट नाही. पण जे रोज डोळ्यांसमोर असतं ते त्याला दिसत नाही, आणि जे मला दिसत नाही ते मी रात्रंदिवस बघत असते.

दादा डॉक्टरकडे येत ते एसटीने. गोम अशी होती, की यायच्या दिवशी ते लघवीची गोळीच घेत नसत. मिरजगावपर्यंत गाडी कुठे थांबवायची, हा त्यांचा सवाल. आणि पाण्याचं नावच नको म्हणून सकाळच्या बाकीच्या गोळ्याही राहायच्या. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून रिक्षाने ते थेट दवाखान्यात यायचे, उपाशी, तहानलेले. साहजिकच प्रेशर आभाळाला. डॉक्टर डोस वाढवायचे, आणि गावी गेल्यावर तो वाढलेला डोस सगळ्या गोळ्यांसकट पोटात गेला की दादांना उठताना चक्कर यायची. हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, येताना गोळ्या घेऊ नका, पण इथे माझ्याकडे आल्याबरोबर घ्या. नंतर लक्षात आलं, दवाखान्याच्या दिवशी ते घरून बाटलीच आणत नसत. पुढच्या वेळी ते आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानातून सीलबंद बाटली घेऊन वर आले. माझ्या बापाने माझ्या दारात बसून विकतचं पाणी प्यायलं आणि मी समोर उभी राहून बघितलं.

मला त्याचं एवढं का लागलं ते सांगायला मागे जावं लागेल.

सहा वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. गर्भाशयात गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं, आणि शेवटी गर्भाशयच काढावं लागलं. त्याआधी उपचार, तपासण्या, उपासतापास सगळं झालं होतं. ऑपरेशननंतर मी आणि नवरा एक आठवडा एकमेकांशी धड बोललो नाही आणि मग एके दिवशी बाजारात जाऊन नवीन पडदे घेऊन आलो. कसं कोण जाणे, पण तिथून आमचं पुन्हा सुरू झालं. आई तेव्हा महिनाभर माझ्याजवळ होती. गावात आणि दादांना 'गाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलेलं होतं.

आई परत निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, दादांना नीट सांग. असल्या गोष्टी लेक बापाशी बोलत नाही. आमच्या घरात तर नाहीच. पाळी आली तरी ती बापाला आईकडून कळायची, स्थळ पसंत आहे हेसुद्धा आईनेच सांगायचं. आई म्हणजे आमचं पोस्ट ऑफिस होतं. काही दिवसांनी मी फोनवर विचारलं, सांगितलंस का. ती म्हणाली, सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाले. ती म्हणाली, "काय म्हननार, गप बसले."

गप बसले. त्या दोन शब्दांवर मी सहा वर्षं काढली. मला वाटलं होतं, आता तरी दादा येतील आणि म्हणतील, आण गं पाणी. अटच संपली होती ना. जे होणारच नाही त्याची वाट कोण बघतं? पण ते आले, लिंबं ठेवली, टोपी गुडघ्यावर ठेवली, बाटली काढली आणि निघताना म्हणाले, "पुढच्या खेपेला." तेव्हा मला असं वाटलं की सगळं माहीत असून हा माणूस मला सांगतोय, तुझं घर हे घरच नाही. तरी मी फोन करत राहिले, गोळ्या विचारत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

यंदा पावसाळा सरताना दादांचा दम वाढला. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करून घेऊ, एक दिवस ठेवू, नंतर दोन-तीन दिवस जवळपास राहू द्या. मी म्हटलं, जवळपास काय, माझ्या घरून इथे चालत येता येतं. दादा जमिनीकडे बघत म्हणाले, नवरात्र होऊ द्या, मग बघू.

नवरात्राचं आता मला नवीन नव्हतं. पूर्वी दादा पहिला आणि शेवटचा दिवस उपवास करायचे, घरोघरी करतात तसा. अलीकडे मात्र ते सगळे नऊ दिवस करायला लागले होते. अन्न नाही, पायात वहाण नाही आणि आठव्या माळेला डोंगर चढून देवीचं दर्शन. मी कारण विचारलं की म्हणायचे, देवीचं हाय. म्हातारपणी माणसं देवाला लागतात तसं असेल, असं मी समजले. यंदा मी डॉक्टरांच्या तोंडून त्यांना उपवास करू नका असं सांगायला लावलं. दादांनी डॉक्टरांनाही हात जोडले.

त्या दिवशी संध्याकाळी माझा तोल गेला. मी आईला फोन केला आणि जे सहा वर्षं गिळलं होतं ते बाहेर काढलं. म्हटलं, जीव जायची वेळ आली तरी ह्यांना माझं घर चालत नाही. आता मी त्यांना तोंडावर विचारणार आहे. गर्भाशय काढून सहा वर्षं झाली, अजून कसली अट पाळता? आई हळू आवाजात म्हणाली, असलं काही इचारू नगं. त्यांच्या छातीला सोसायचं न्हाई. मी म्हटलं, माझ्या छातीचं काय? आणि फोन ठेवून दिला.

नवरात्रात मी रोज फोन केला. दादांचा आवाज दिवसागणिक बारीक होत होता. 'गोळ्या घेतल्या का' याला 'व्हय' यायचं, पण मला त्या 'व्हय'चा भरवसा वाटत नव्हता. दसरा झाला. दसऱ्यानंतर दादांचा फोन आई उचलायला लागली. रानात गेलेत, ज्वारीची पेरणी हाय. आत्ताच डोळा लागलाय. मोबाईल घरी इसरून गेलेत. तिच्यामागे एकदा मला रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. आमच्या वस्तीवर बैल हंबरतो, कोंबडा आरवतो, रिक्षा येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, कर्जतला आलेय बाजाराला. मला ते पटलं. आई मला फसवेल हा विचारच माझ्या मनात नव्हता.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दवाखान्यात फोन केला, अँजिओग्राफीची तारीख घ्यायला. काउंटरवरची मुलगी मला ओळखते. ती गोंधळून म्हणाली, "ताई, तुमच्या वडिलांची अँजिओप्लास्टीच झाली की. आता आयसीयूतून बाहेर आणतायत. तुमचे भाऊ आहेत ना इथे."

मी शिक्षकांच्या खोलीत उभी होते. बाजूला कुणीतरी डबा उघडत होतं. माझ्या बापाला अटॅक आला होता, त्याच्या हृदयात तार घातली होती, स्प्रिंग टाकली होती आणि त्या दवाखान्यावरून मी रोज स्कूटरने शाळेत जात होते. एका दिवशी तर त्याच्यासमोरच्या गाडीवर पेरू घेतले होते.

मुख्याध्यापकांना काय सांगितलं ते आठवत नाही. दवाखान्यात गेले तर जिन्याजवळच्या बाकावर आई आणि भाऊ बसले होते. आईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. मला बघून ती उठली नाही. तिने विचारलं, "तुला कुनी सांगितलं?"

पहिलं वाक्य हे. ते कसे आहेत हे नाही, बरं झालं आलीस हे नाही. मी डब्याकडे बघून भावाला विचारलं, हा कुणाचा. तो म्हणाला, सासरवाडीहून आला. त्याची सासरवाडी केडगावला आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे इतके दिवस केडगावहून डबा येत होता आणि सावेडीत मी रोज रात्री नवऱ्यासमोर बसून दादांना काही होणार तर नाही ना, याचा घोर लावून घेत होते. सुनेच्या माहेरची भाकरी चालते, लेकीच्या घरचं पाणी चालत नाही. मी हे मोठ्याने म्हणाले. जिन्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी म्हणाले, दादांनीच सांगितलं असेल ना, तिला कळवू नका म्हणून.

भावाने आईकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो म्हणाला, "दादा आल्यापासून तुलाच इचारत्यात, ताई. आईनं सांगितलं, तू सासरच्या मानसांबरोबर गावाला गेलीस. मला म्हनली, तू बी त्येच सांग."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी आईसमोर उभी राहिले. का, एवढंच विचारलं. ती डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक न्हाई."

"काय ठाऊक नाही?"

"तुझं. ऑपरेशनचं. म्या कधी सांगितलंच न्हाई."

मला ते कळायला वेळ लागला. ती पुढे बोलत राहिली, मुलांना समजावतात तशा आवाजात. सांगायचं ठरवलं होतं, पण त्याच महिन्यात त्यांना पहिल्यांदा छातीत कसंतरी झालं. मग म्हटलं, थोडं थांबू. मग प्रेशर निघालं. मग डॉक्टर म्हणाले, ताण देऊ नका. दिवस गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही ती म्हणाली. त्या दिवशी फोनवर मी विचारणार म्हटल्यावर ती धास्तावली. आणि मग हे झालं. "तू आली असतीस तर तुझ्या तोंडातून निघालंच असतं. तुझं तोंड मला म्हाईत हाय. त्यांच्या छातीला सोसलं नसतं."

म्हणजे 'गप बसले' हे खोटं होतं. दादा गप बसले नव्हते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'पुढच्या खेपेला' हे ते खरंच म्हणत होते. मी सहा वर्षं बापाचा राग केला आणि तो बाप माझ्याकडच्या बारशाच्या आमंत्रणाची वाट बघत होता. मी आईच्या हातचं खाल्लं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, ह्यांचं मन दगडाचं आहे असं तिला सांगितलं, आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत ऐकून घ्यायची. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्याजवळ समजलं.

आणि मग मला नवरात्र आठवलं. मी विचारलं, नऊ दिवसांचा उपवास कधीपासून सुरू झाला? आईऐवजी भाऊच म्हणाला, "तुझ्या गाठी काढल्या ना, त्या साली. आता गाठी गेल्या, लेकरू हुईल म्हनून नवस बोलले देवीला."

मला आईला हलवावंसं वाटलं, धरून हलवावंसं. सहा नवरात्रं तिने त्या माणसाला उपाशी राहू दिलं, अनवाणी डोंगर चढू दिला. छाती जपायची म्हणून खोटं बोलली, आणि त्या खोट्यानेच त्यांची छाती डोंगरावर नेली. यंदाही ते चढले होते. खाली उतरल्यावर तिसऱ्या दिवशी अटॅक आला. मी हे सगळं तिला म्हणाले. ती म्हणाली, "आशेवर मानूस जगतं." मी म्हणाले, आशेवर नाही जगले, स्प्रिंगवर जगलेत. आई रडायला लागली. मला तिची दया आली नाही. आज लिहितानाही फारशी येत नाही.

डॉक्टर फेरीवर होते. मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, धोका टळलाय, उद्या-परवा घरी सोडू, प्रेशर जरा बघावं लागेल. मी विचारलं, बोलले तर चालेल ना त्यांच्याशी? ते म्हणाले, बोला की, तुमचीच वाट बघतायत.

दादा पलंगावर टेकून बसले होते. दाढी वाढलेली, टोपी नाही. टोपीशिवाय ते मला अनोळखी वाटले. दंडाला पट्टा होता, छातीला वायरी, आणि डोक्यामागच्या पडद्यावर हिरवी रेघ चालली होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलीस? कुठं गेल्तीस?"

मी त्यांचा हात धरला.  माझ्यामागून आई आणि भाऊ आत आले. दादा माझा हात थोपटत म्हणाले, देवीनं वाचवलं. ह्या साली पायऱ्या जड गेल्या जरा, पण पोचलो. पुढल्या साली बी जायाचं. "तुझी कूस उजवायला आता फार न्हाई ऱ्हायलं बघ. मला वाटतंय तसं."

मी आईकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून मान हलवत होती, नको, नको. खरं सांगते, मी घाबरले होते. मला वाटत होतं की आईचंच बरोबर असलं तर? मी बोलले आणि त्या रेघेला काही झालं तर? पण गप्प राहिले असते तर पुढच्या नवरात्रात हा माणूस स्प्रिंग घातलेलं काळीज घेऊन पुन्हा डोंगर चढणार होता. माझ्यासाठी.

मी म्हटलं, "दादा, मला मूल होणार नाही. ते ऑपरेशन झालं ना, त्यात गर्भाशयच काढलं. सहा वर्षं झाली."

आणि मी पडद्याकडे पाहिलं. रेघ चालली होती तशीच चालली होती. पट्ट्यात हवा भरली, सुटली आणि प्रेशरचा आकडा आला. अगदी मघासारखाच. ज्या छातीला सोसणार नाही म्हणून आमच्या घरात सहा वर्षं खोटं नांदलं, त्या छातीने ते एका दमात सोसलं. दादांचे डोळे भरले, पण हात माझ्या हातात घट्ट होता. ते एवढंच म्हणाले, "एकटीनं सोसलंस व्हय?"

मी मान हलवली. मग दादा काहीतरी मोजत असल्यासारखे छताकडे बघत राहिले, आणि त्यांची नजर माझ्यावरून सरकत मागे आईवर गेली. त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक हुतं?"

आईने मान खाली घातली. पदर तोंडावरच होता.

"दर साली संगं यायचीस तू," दादा म्हणाले. "वर गेल्यावर नारळ तूच द्यायचीस माझ्या हातात."

पट्ट्यात पुन्हा हवा भरली. या वेळी आकडा आला तो पाहून मी उभीच राहिले. मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या, त्यांनी आम्हा तिघांनाही बाहेर काढलं. डॉक्टर आत गेले. काचेतून फक्त त्यांची पाठ दिसत होती.

बाकावर आम्ही तिघे बसलो. आई माझ्या शेजारीच होती, मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता.  बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, इंजेक्शन दिलंय, प्रेशर उतरतंय, काळजी करू नका. पण गर्दी नको, एकानेच आत या.

आई उठली. इतकी वर्षं दादांकडे जायचं, निरोप न्यायचा-आणायचा तो तिनेच, म्हणून ती न बोलावताच उठली.

सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही नाही, आजी. ते मुलीलाच बोलवा म्हणतायत."

आईने माझी ओढणी धरली. म्हणाली, "त्यांना सांग, म्या..." पण तिला पुढे काय सांगायचं ते सुचलं नाही. मी थोडा वेळ थांबले. मग तिच्या हातातून ओढणी सोडवून घेतली आणि आत गेले.